अर्जातला सतरावा प्रश्न

आमच्या संस्थेच्या दारावर 'हुहाना, सोशल वर्कर' अशी पाटी एकतीस वर्षं होती. एका सकाळी माझा नवरा एरुएरा स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला आणि त्याने पाटीचा खालचा अर्धा भाग उतरवून ठेवला.

कायदा बदलला होता. ठरलेल्या तारखेनंतर, राजधानीतल्या मंडळाकडे नोंद नसलेल्या माणसाने स्वतःला सोशल वर्कर म्हणवून घेणं हा गुन्हा होणार होता. ती तारीख अजून पाच महिने लांब होती, पण एरुएरा कायद्याच्या बाबतीत पाच महिने आधीच घाबरून घेतो. त्यामुळे दारावर नुसतं 'हुहाना' उरलं. त्याच आठवड्यात दोन म्हाताऱ्या आत येऊन केस कुरळे करायचे किती घेता म्हणून विचारून गेल्या.

पदवी माझ्याकडे नाही. मी हे काम सुरू केलं तेव्हा आमच्या किनाऱ्यावर पदवीपेक्षा गाडी असणं महत्त्वाचं होतं. संस्थेच्या कमिटीने मला बसवून समजावलं की नोंद झाली नाही तरी तुला काढणार नाही, 'मदतनीस' म्हणून ठेवू. मदतनिसाने घरी जावं, डबा पोचवावा, मुलांना दवाखान्यात न्यावं. फक्त मुलं कोणाकडे राहणार हे ठरवणाऱ्या कुटुंबाच्या बैठकीत तिने बोलायचं नाही. तिथे नोंद असलेल्याचाच शब्द धरणार. तसा कामावर असलेला माणूस आम्हाला सर्वांत जवळचा म्हणजे अडीच तासांवर, आणि तो महिन्यातल्या पहिल्या सोमवारी येणार, तेही दरड कोसळलेली नसली तर. आमच्याकडची घरं सोमवार बघून मोडत नाहीत.

माझ्यासारख्यांसाठी कायद्याने एक वाट ठेवली होती. पदवी नाही, पण अनुभव आहे, असं पुराव्यानिशी दाखवा आणि नोंद करून घ्या. अर्ज त्रेचाळीस पानांचा होता. मला वाटलं, दोन रविवारांचं काम आहे.

पहिला रविवार पहिल्याच प्रश्नात गेला. प्रश्न होता, आपलं नाव.

मी जन्मले तेव्हा दवाखान्यातल्या कारकुनाला 'हुहाना' लिहायला जड वाटलं, म्हणून त्याने 'सुझन' लिहिलं. आईला इंग्रजी वाचता येत नव्हतं, तिने अंगठा दिला. शाळेत मी सुझन, घरी हुहाना. लग्नाच्या कागदावर मी हट्टाने हुहाना लिहिलं आणि विषय संपला असं समजले. आता पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला मागवला, तर तो परत आला: दिलेल्या माहितीनुसार लग्नापूर्वी या नावाच्या व्यक्तीची नोंद आढळत नाही. एरुएराने ते दोनदा वाचलं आणि म्हणाला की मलाही लग्नापूर्वी तू आढळली नव्हतीस, त्यात पोलिसांचं काय चुकलं?

त्यावर उपाय म्हणजे शपथपत्र. शपथपत्रावर सही करायचा अधिकार आमच्या गावात एकाच व्यक्तीला आहे, आणि ती म्हणजे आमची शेजारीण नोलीन. नोलीनशी माझं गेली चार वर्षं माझ्या कोंबड्यांवरून वाकडं आहे. त्या तिच्या वाफ्यात जातात. मी कागद घेऊन गेले, तर तिने चष्मा लावला आणि माझ्याकडे ओळखपत्र मागितलं.

"अगं नोलीन, चाळीस वर्षं तू मला ओळखतेस."

"मी ओळखते गं," नोलीन म्हणाली, "पण कायदा तुला आजच भेटतोय."

मी घरी जाऊन ओळखपत्र घेऊन आले. तिने सही केली, शिक्का मारला, आणि कोंबड्यांविषयी सात मिनिटं बोलली. शिक्क्यासाठी मी ती सात मिनिटं ऐकून घेतली.

नोलीनमुळे बातमी गावभर झाली, आणि मग सल्ले सुरू झाले. पेट्रोल पंपावरच्याने सांगितलं की अर्जात सगळीकडे 'सर्वांगीण' हा शब्द घाल, त्याच्या मेहुणीने घातला होता. दिरांनी सांगितलं की काहीच भरू नकोस, बघू कोण काय करतं. हा सल्ला ते जन्मभर प्रत्येक कागदाबाबत देत आले आहेत आणि त्यांच्या घराला अजून वीज नाही.

नऊ नंबरच्या प्रश्नात विचारलं होतं, आपणास कधी कोणत्या गुन्ह्यासाठी दोषी ठरवलं आहे काय? खोटं लिहायचं नव्हतं, म्हणून लिहावं लागलं. सासूबाई गेल्या तेव्हा तीनशे माणसं मराएवर, म्हणजे आमच्या सभागृहात, तीन दिवस मुक्कामाला होती. पाहुण्यांच्या पानात पाउआचे शिंपले नाहीत ही गोष्ट आमच्याकडे मयतापेक्षा जास्त लाजेची. समुद्रातून माणशी दहा काढायची मुभा होती. मी चौसष्ट घेऊन वर आले आणि काठावर मासेमारी खात्याचा माणूस उभा होता. तो माझा चुलतभाऊ मातिउ. मयतासाठी जास्त काढायची लेखी परवानगी मिळते, पण ती देणारे काका त्या वेळी स्वतःच पाण्यात होते. मातिउने रडत रडत माझ्यावर खटला भरला आणि संध्याकाळी जेवायला आला. हे सगळं मी पाऊण पानात लिहिलं, आणि शेवटी 'पश्चात्ताप झाला आहे काय' या चौकोनात बराच विचार करून 'काही अंशी' असं लिहिलं.

बाराव्या प्रश्नाने मात्र मला खरंच लागलं. माओरी लोकांमध्ये आपण योग्य रीतीने काम करू शकता हे दाखवून द्या. मी एका ओळीत उत्तर दिलं: मी माओरी आहे. तोवरची पानं मंडळाकडे तपासायला पाठवली होती, ती तिथून परत आली. सोबत नम्र चिठ्ठी होती की असणं आणि काम करता येणं या दोन गोष्टी आहेत, कृपया उदाहरणं द्यावीत. दोन दिवस मी कोणाशी बोलले नाही. एरुएराला वाढलंसुद्धा मुकाट्यानेच. तिसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना माझ्या मनात आलं की चिठ्ठीत चूक काय आहे? आपल्याच माणसांचं आपल्याच माणसांनी केलेलं नुकसान मी काय कमी पाहिलंय? मी सहा पानं लिहिली. ती लिहिताना मला बरं वाटलं, हे मी चिठ्ठी लिहिणाऱ्याला कळवलं नाही.

पुढे, आपण कोणता सिद्धान्त वापरता? मी वाचनालयात जाऊन पुस्तकं काढली. त्यात कळलं की लोकांच्या स्वयंपाकघरात बसून चहा प्यायचा आणि ती आपणहून बोलेपर्यंत गप्प राहायचं, हे जे मी तीस वर्षं करत होते, त्याला नाव आहे. एक नाही, तीन नावं आहेत, आणि ती देणाऱ्या तिघांचं आपसात पटत नाही. मी तिन्ही लिहिली. कोणाला वाईट वाटायला नको.

असं करत मी सतराव्या प्रश्नापाशी आले. प्रश्न लहान होता. आपला निर्णय चुकला असे एक प्रकरण सांगा, आणि त्यातून आपण काय शिकलात.

मी पेन खाली ठेवलं आणि रताळी सोलायला घेतली.

पुढचे आठ दिवस मी अर्जातलं बाकी सगळं भरलं. सतराव्यासाठी एक साधं प्रकरणही लिहिलं, त्यात माझी चूक एवढीच होती की मी एका बाईला बसची चुकीची वेळ सांगितली. ते नोलीनकडे टाइप करायला दिलं. ती पूर्वी कचेरीत टंकलेखिका होती आणि कोंबड्यांना कुंपण घातल्यापासून बरं बोलायला लागली होती. तिने ते टाइप केलं, कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "शुद्धलेखनाची एकही चूक नाही. पण हे तुझ्यासारखं वाटत नाही." मी तो कागद चुलीत घातला.

खरं प्रकरण अकरा वर्षांपूर्वीचं होतं. वरच्या खोऱ्यात हेनारे नावाचे आजोबा तीन नातवंडांना सांभाळत होते. सरकारी बालकल्याण खात्याचा माणूस, ॲलिस्टर मकॉले, याचं म्हणणं पडलं की मुलांना शहरात त्यांच्या आत्याकडे द्यावं. मराएवर कुटुंबाची बैठक भरली. मी उभी राहिले आणि वीस मिनिटं बोलले. मुलं आपल्या जमिनीवर, आपल्या आजोबांपाशीच वाढली पाहिजेत, असं बोलले. आमच्यात कोणी बोललं की त्याच्या पाठिंब्याला लोक उभं राहून गाणं म्हणतात. त्या दिवशी सगळी सभा उभी राहिली. मुलं आजोबांकडे राहिली. मकॉले फाईल मिटून निघून गेला.

सभेच्या आधीच्या गुरुवारी मी त्या घरी गेले होते. सिंकखालच्या कपाटात तीन पातेली होती, बुडं जळून कोळसा झालेली, एकाची मूठ वितळलेली. आजोबांनी मला बघताना पाहिलं. म्हणाले, रताळी ठेवली आणि घोड्यांकडे गेलो. मग म्हणाले, एकदाच झालं. पातेली तीन होती. मी कपाट बंद केलं. गावातला सर्वांत मोठा माणूस, भर सभेत त्याचं विसरणं मी काढायचं? आणि काढलं असतं, तर मकॉलेची बाजू खरी झाली असती.

सहा आठवड्यांनी घराला आग लागली. मुलं बाहेर पडली, पण मधली रीपेका, आठ वर्षांची, हाताला भाजली. लोक म्हणाले घरातल्या विजेच्या तारा जुन्या होत्या. मीही तेच म्हटलं. मुलं शेवटी आत्याकडेच गेली, आजोबा पुढच्या हिवाळ्यात वारले, आणि गावात आजही कोणी माझी ओळख करून देताना सांगतो की हिने सरकारसमोर उभं राहून मुलं वाचवली होती. अशा वेळी मी जमिनीकडे बघते. लोकांना तो माझा विनय वाटतो.

हे मी लिहून काढलं. साडेतीन पानं झाली. नोलीनने टाइप केलं. कागद देताना पाकिटात घालून दिला.

आता शेवटचा अडथळा राहिला. अर्जावर अशा माणसाची शिफारस हवी होती, जो स्वतः नोंदणीकृत आहे आणि ज्याने माझं काम पाहिलं आहे. सगळ्या किनाऱ्यावर तसा एकच होता. ॲलिस्टर मकॉले.

अकरा वर्षं मी त्या माणसाला टाळलं होतं. दुकानात तो दिसला की मी टोपली तिथेच ठेवून मागच्या दाराने बाहेर. एकदा तर थंड मालाच्या खोलीत लपले आणि तिथल्या पोराने मला गोठलेल्या मटारांच्या मागून काढलं. लोकांना वाटे हुहाना अजून रागावली आहे. मकॉलेलाही तेच वाटत असणार. मी तो समज राहू दिला, कारण राग मिरवता येतो, दुसरं जे होतं ते मिरवण्यासारखं नव्हतं.

तो आता निवृत्त होऊन समुद्राकाठी टोमॅटो लावतो. दार उघडल्यावर त्याने मला 'या' म्हटलं आणि चहाला पाणी ठेवलं. मी म्हटलं, सही पाहिजे. तो म्हणाला, वाचल्याशिवाय करत नाही. त्याने त्रेचाळीस पानं वाचली. पाउआच्या पानावर त्याच्या मिशा हलल्या. सतराव्यावर तो थांबला. ते त्याने दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

"मीही त्याच आठवड्यात गेलो होतो तिथे," तो म्हणाला. "पातेली मीही पाहिली होती."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी विचारलं, मग सभेत बोलला का नाहीत?

"म्हातारा माणूस समोर बसलेला. सभा भरलेली. मी बाहेरचा. म्हटलं, शाळा लांब पडते एवढं कारण पुरेल." त्याने पानं सारखी केली. "दरवर्षी नोंदणी चालू ठेवायला मलाही हा प्रश्न येतो, हुहानाबाई. दरवर्षी मी दुसरंच काहीतरी लिहितो."

चहा निवत होता. मला त्याच्यावर रागवावंसं वाटलं, आणि ते अकरा वर्षं उशिरा होतं. मी पेन पुढे केलं. त्याने घेतलं नाही.

"सही करतो. पण हे तुमचं एकटीचं नाही. नाव बदललंत तरी गोष्ट त्या भाजलेल्या मुलीची आहे. आधी तिला वाचायला द्या."

रीपेका एकोणीस वर्षांची झाली आहे. वर्षभरापूर्वी ती परत आली आणि आमच्याच इथल्या रोपवाटिकेत काम करते. म्हणजे वर्षभर मी तिला आठवड्यातून एकदा तरी पाहत होते, 'काय गं, कशी आहेस' म्हणत होते आणि पुढे जात होते. मंगळवारी दुपारच्या सुट्टीत मी गेले. ती रोपांच्या ट्रेंमध्ये उलट्या बादलीवर बसून डबा खात होती. अंगात लांब बाह्यांचा सदरा. मी सांगितलं काय आहे ते. तिने मातीचे हात पँटला पुसले आणि कागद घेतला.

ती सावकाश वाचते. मी उभीच होते. वाचून झाल्यावर तिने विचारलं, "तू सभेत सांगितलं असतंस, तर काय झालं असतं?"

मी म्हटलं, तुम्हाला आत्याकडे दिलं असतं. आजोबांना वृद्धांच्या घरात.

"ते तिथे मेले असते."

"हो."

"मला आजोबा पाहिजे होते, मावशी. तेव्हा मला कोणी विचारलं असतं, तर मीही ते कपाट बंदच केलं असतं," ती म्हणाली. "पण मी आठ वर्षांची होते."

मग कागद परत देता देता ती म्हणाली, "पाठव. फक्त हात डावा होता. तू उजवा लिहिलायस."

दवाखान्यात मी गेले होते. तिच्या हाताला पट्ट्या होत्या. मी पलंगाशी बसून सगळा वेळ तिच्या आजोबांशी बोलत होते, त्यांना धीर देत होते. अकरा वर्षं मी त्या मुलीचा हात मनात वागवला, असं मी साडेतीन पानांत लिहिलं होतं, आणि तो कोणता हात ते मला माहीत नव्हतं.

मी तिच्याकडे पेन मागितलं. ट्रेंवर चिठ्ठ्या लिहायचं तिचं पेन जाड होतं. 'उजव्या'वर रेघ मारून वर 'डाव्या' लिहिलं. तिने ते बघितलं आणि डब्याचं झाकण लावलं. मकॉलेने दुसऱ्या दिवशी सही केली. खोडलेला शब्द पाहून म्हणाला, मला वाचतानाच कळलं होतं, पण ते सांगायचं काम माझं नव्हतं.

नोलीनला ती खाडाखोड सहन होईना. संपूर्ण पान पुन्हा टाइप करून देते म्हणाली, फुकट, कोंबड्यांचा विषयही न काढता. मी नको म्हटलं. ती पंधरा दिवस दुखावलेली होती.

माझी नोंद झाली, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कोणाच्या जिवाला घोर नको. तारखेच्या आधी नऊ दिवस झाली. त्या आधी मुलाखत होती, संगणकाच्या पडद्यावर, तिघांची. एरुएराने मला कॉलर इस्त्री करून दिली आणि पडद्यात खालचं दिसत नाही म्हणून पायात चपला तशाच राहू दिल्या. सिद्धान्ताचं विचारतील म्हणून मी तिन्ही नावं पाठ केली होती. ती कोणी विचारली नाहीत. मधे बसलेली पांढऱ्या केसांची बाई पानं उलटत सतराव्यापाशी आली.

"सगळा अर्ज टाइप केलेला आहे," ती म्हणाली. "इथे एकच शब्द हाताने खोडलाय. नवी प्रत का नाही काढलीत?"

मी म्हटलं, चूक माझी होती आणि दुरुस्ती तिची. नवी प्रत काढली असती तर मला पहिल्यापासून माहीत होतं असं दिसलं असतं.

तिने काही लिहून घेतलं नाही. विचारलं, "आता कशी आहे ती?"

"काल गेले होते," मी म्हटलं. "काम चांगलं करते. माझ्याशी फार बोलत नाही. मी शेजारी बादलीवर बसले, तर उठूनही गेली नाही."

"आणि पुन्हा कधी जाणार?"

"मंगळवारी," मी म्हटलं. "तिला त्या दिवशी दुपारी सुट्टी मोठी असते."

बाईंनी पान उलटलं आणि अठरावा प्रश्न विचारला.